साडूभाऊ आणि त्यांची एकुलती एक रेकॉर्ड

देव, देश आणि दारू या तिन्ही गोष्टी ज्याला एकाच रेकॉर्डमध्ये सापडल्या असा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच आहे, आणि तो नेमका माझा साडू निघावा हे माझं नशीब. माझ्या बायकोची थोरली बहीण, जिला मीही ताईच म्हणतो, तिचे हे यजमान. लेस्टरच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासण्यात यांचं आयुष्य गेलं. पक्के शाकाहारी. दारूचा थेंब कधी जिभेला लागला नाही. खोकल्याच्या औषधात अल्कोहोल किती टक्के आहे तेसुद्धा चष्मा कपाळावर चढवून वाचणार. घोड्यावर बसले ते फक्त स्वतःच्या वरातीत, आणि तेव्हाही, ताई सांगते, दोन्ही बाजूंनी दोघांनी धरलं होतं. पण कुणा एका अमेरिकन गायकाचा कंट्री म्युझिकचा एक जुना अल्बम आहे. दहा गाणी, आणि दहा गाण्यांत मिळून व्हिस्की, तुरुंग, मालगाडी, आई, कुत्रा आणि सोडून गेलेली बायको. तो लागला की आमचे साडूभाऊ डोळे मिटतात आणि कालच जामिनावर सुटून आल्यासारखा चेहरा करतात. अल्बमचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं तर माझा उच्चार चुकला म्हणून त्यांचा फोन येईल, आणि तो पाऊण तासाच्या आत संपत नाही.

बरं, हा अल्बम त्यांनी काही पारखून निवडलेला नाही. इंग्लंडमधल्या पहिल्या हिवाळ्यात त्यांनी चॅरिटी शॉपमधून एक जुना रेकॉर्ड प्लेअर घेतला, त्यावर ही रेकॉर्ड आधीच चढवलेली होती. दुकानातली बाई म्हणाली, राहू दे, घेऊन जा. तेव्हा त्यावर दुसरं काही असतं तर साडूभाऊ आज ऑपेराचे किंवा फ्रेंच शिकवणाऱ्या धड्यांचे भक्त असते, हे मी एकदा बोलून दाखवलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "अहो, चार वाजता अंधार पडायचा. भाड्याची खोली. लॅबमध्ये 'गुड मॉर्निंग'च्या पुढे कुणी बोलायचं नाही. त्या वर्षी माझ्याशी बोलणारा तो एकटाच होता." ताई लग्न होऊन पुढच्या वर्षी आली. ती म्हणते, "मी दारात पाऊल टाकलं तर आत सवत गात होती. तीही पुरुषाच्या आवाजात!"

भक्ती म्हटली की यात्रा आलीच. एकदा पुतण्याच्या लग्नाला दोघं अमेरिकेत गेली. लोक नायगारा बघतात. साडूभाऊंनी ताईला बसमध्ये घालून दीड दिवस प्रवास करून त्या गायकाच्या जन्मगावी नेलं. जन्मघराच्या जागी पेट्रोल पंप होता. पंपावरच्या माणसाला गायकाचं नावसुद्धा ठाऊक नव्हतं, तेव्हा साडूभाऊंनी त्याला अर्धा तास उभ्या उभ्या माहिती दिली, आणि ताईनं तेवढ्या वेळात पंपाच्या दुकानातून आयुष्यातलं सगळ्यात वाईट सँडविच घेऊन खाल्लं. इकडे मराठी मंडळाच्या गणपतीत त्यांनी एका वर्षी पेटीच्या साथीवर तिसरं गाणं म्हटलं. तिसरं म्हणजे कैदी तुरुंगातून आईची माफी मागतो ते. त्यांचं म्हणणं, यात मातृभक्ती आहे, मग अडचण काय? तेव्हापासून कमिटी त्यांना दर गणपतीत मोठ्या सन्मानानं कारपार्कची जबाबदारी देते. माझी भाची, म्हणजे त्यांची मुलगी, इथेच जन्मलेली. तिनं एकदा आपल्या मोडक्या मराठीत प्रेमानं सांगितलं, "बाबा, हा सगळा गाणी माझ्या फोनवर आहे, शफल करून ऐका ना." गाण्यांचा क्रम बदलून ऐकायचं? साडूभाऊ दोन दिवस पोरीशी बोलले नाहीत.

मराठी मंडळानं कारपार्कात उभं केलं म्हणून गप्प बसेल तो मराठी माणूस कसला! त्यांनी स्वतःचं मंडळ काढलं. हॉस्पिटलची व्हॅन चालवणारा डेरेक एकदा लॅबच्या दारात याच अल्बममधलं गाणं गुणगुणताना सापडला, तो उपाध्यक्ष. कँटीनमधली मॉरीन खजिनदार. मी राहतो लंडनच्या स्टॅनमोरला, दोन तास गाडी हाकत जावं लागतं, आणि मला ते संगीत अजिबात आवडत नाही, तरी मी आजीव सभासद. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी साडूभाऊंच्या फ्रंट रूममध्ये सभा. मागच्या सभेचं इतिवृत्त वाचायचं, जे दर वेळी 'अल्बम ऐकला, सर्वांना आवडला' एवढंच असतं. मग अल्बम. मग आभारप्रदर्शन, ते अल्बमपेक्षा लांब. डेरेक रिटायर झाला तेव्हा त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. तो आपला लेस्टरच्या रीतीप्रमाणे "थँक यू, मी डक", म्हणजे 'थँक यू, माझ्या राजा', म्हणाला, आणि नारळाचं करायचं काय हे विचारायची लाज वाटून त्यानं तो वर्षभर गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवला. मंडळाला नियमावली आहे. त्यातला पहिला नियम, सुई टेकली की कुणीही बोलायचं नाही. आग लागली तरी रेकॉर्डची बाजू संपल्यावर सांगायचं. खुर्ची करकरली तर साडूभाऊ डोळे न उघडता त्या दिशेला बोट करतात. क्रिस्प्सना, म्हणजे वेफर्सना, बंदी, कारण त्यांचा आवाज होतो. साबुदाणेवड्यांना परवानगी, पण मधल्या सुट्टीतच. माझा अंदाज असा की मॉरीन गेली कित्येक वर्षं वड्यांसाठीच येते. पण आठव्या गाण्याला ती रडते खरी.

हे सगळं छान चाललं होतं, आणि मग साडूभाऊंना ऐकू येईनासं झालं. एकदम नाही, हळूहळू. त्यांनी त्यावर युक्ती काढली. समोरचा बोलायचा थांबला की हसायचं आणि "हो, हो" म्हणायचं. या "हो, हो"च्या जोरावर त्यांनी दारात आलेल्या सेल्समनला घराच्या सगळ्या खिडक्या बदलायला होकार दिला. ताई ओरडून बोलायला लागली. स्वयंपाकघरातून तिनं "अहो, जेवायला चला!" अशी हाक मारली की शेजारची पोलिश बाई कुंपणापलीकडून हसून "जेवायला चला" म्हणते. त्या गल्लीत मराठीचा प्रसार मराठी मंडळाच्या शाळेपेक्षा ताईनं जास्त केला. आम्ही हसायचो. तीही हसायची.

मग मार्चमध्ये तिला छातीत गाठ लागली. तीन आठवडे तपासण्या, सुया, वाट बघणं. साडूभाऊ लॅबमधले, त्यांना सगळं कळत होतं. ते रोज तिच्याबरोबर हॉस्पिटलला गेले, आणि त्या तीन आठवड्यांत त्यांनी ती रेकॉर्डसुद्धा लावली नाही, यावरून काय ते समजा. शेवटी हॉस्पिटलचा फोन आला तो ताईलाच. काही नाही, साधी गाठ आहे. ती तशीच धावत फ्रंट रूममध्ये गेली आणि भरल्या गळ्यानं म्हणाली, "अहो, रिपोर्ट चांगला आला हो." गळा भरलेला, म्हणजे आवाज अगदी बारीक. साडूभाऊंनी, चहा आणला असेल असं वाटून, पेपरातून मान वर न करता, हसून, "हो, हो, ठेव टेबलावर" म्हटलं. तिनं पुन्हा सांगितलं नाही. संध्याकाळी भाचीनं त्यांना लिहून दाखवलं, तेव्हा ते पायरीवर बसून लहान मुलासारखे रडले म्हणे. पण ताईनं माझ्या बायकोला फोनवर जे सांगितलं ते मी स्पीकरवर ऐकलं. "चाळीस वर्षांत हे एकच ओरडून सांगायचं नव्हतं गं मला. आणि तेच त्यांना ऐकू आलं नाही." मला त्या दिवशी साडूभाऊंचा खरंच राग आला.

मग कानाचं मशीन आलं. ताईनंच त्यांना धरून नेलं आणि करून आणलं. मशीन लावून साडूभाऊ घरी आले आणि आधी काय केलं असेल? रेकॉर्ड लावली. आणि दुसऱ्या ओळीला त्यांचा चेहरा पडला. तो आवाज, तो खर्जातला, भरदार, तुरुंगातला आवाज, मशीनमधून पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येत होता. "हा तो नव्हेच," म्हणाले आणि मशीन काढून डबीत ठेवलं. सवय होईल, सेटिंग बदलून मिळेल, सगळे सांगून थकले. "मशीनमधून दहा वेळा ऐकला तर मला तोच खरा वाटायला लागेल. माझा तो मग गेलाच की हो," असं मला म्हणाले. मी म्हटलं, "आणि ताई?" ते हसून म्हणाले, "हो, हो." आता हे ऐकू न आल्यामुळे होतं की आल्यामुळे, हे मला आजही सांगता येत नाही. ताईनं मात्र हट्ट सोडला. तिचं ओरडणंही कमी झालं. घरात तिचा आवाजच ऐकू येईना, आणि ते काही आम्हाला बरं वाटेना.

या सप्टेंबरमधल्या सभेला मी जरा उशिरा पोचलो. फोनची बॅटरी संपत आलेली. साडूभाऊ इतिवृत्त वाचत होते, तेवढ्यात मी सोफ्यामागच्या भिंतीवरचा एक प्लग हळूच काढला आणि माझा चार्जर लावला. इतिवृत्त संपलं. साडूभाऊंनी रेकॉर्ड पुसली, सुई टेकवली, खुर्चीत बसले, डोळे मिटले. रेकॉर्ड फिरायला लागली. आवाज काही नाही. मी काढलेला प्लग रेकॉर्ड प्लेअरचा नव्हता, आवाज देणाऱ्या अँप्लिफायरचा होता.

आता पंचाईत बघा. सुई टेकलेली, म्हणजे बोलायचं नाही. मी उठायला गेलो तर खुर्ची करकरली आणि साडूभाऊंचं बोट माझ्याकडे वळलं. ती त्यांना कशी जाणवली देव जाणे, बहुतेक तिथे कुणीतरी करकर करतंच अशी इतक्या वर्षांची सवय. डेरेकनं माझ्याकडे बघितलं, मी मॉरीनकडे, मॉरीननं छताकडे. आणि साडूभाऊ ऐकत होते! कान देऊन बसलं तर सुईची मुंगीएवढी कुरकुर येत होती, ती आम्हाला, त्यांना तीही नाही. पण स्टील गिटार येते तिथे त्यांची तर्जनी वर गेली. डेरेक फिरत्या रेकॉर्डकडे बघत होता. पहिलं गाणं संपून सुई मधल्या मोकळ्या पट्टीवर आली, आणि नेमका त्याच क्षणी साडूभाऊंनी सुस्कारा सोडला. दुसरं गाणं. तिसऱ्याला त्यांचे ओठ थरथरायला लागले. मॉरीनचेही ओठ हलत होते, नुसते. आणि खोटं कशाला सांगू, ज्या गाण्याचा मला पंधरा वर्षं वैताग आला, ते त्या शांत खोलीत मलाही शब्दन् शब्द ऐकू यायला लागलं. ताई वड्यांची बशी घेऊन दारात आली आणि तशीच उभी राहिली. तिला लगेच कळलं.

बाजू संपली. साडूभाऊंनी डोळे उघडले, पुसले आणि म्हणाले, "आज काय आवाज लागला होता त्याचा!"

डेरेकनं "लव्हली, मी डक" म्हणायला तोंड उघडलं आणि त्याला ते जमलं नाही. शेवटी ताईनंच बशी ठेवली आणि ओरडून सांगितलं, "अहो, बंद होतं ते! काही वाजलंच नाही!"

"हो, हो," साडूभाऊ म्हणाले आणि रेकॉर्ड उलटायला उठले. तिथे त्यांना अँप्लिफायरचा लाल दिवा दिसला, म्हणजे पेटलेला दिसला नाही. ते थबकले. वायर हातानं चाचपत भिंतीपर्यंत गेले, खाली वाकले, माझा फोन उचलला, आणि माझ्या हातात देत म्हणाले, "अडतीस टक्के झालाय." मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. ते पुन्हा खुर्चीत बसले. एकेकाचा चेहरा बघितला. डेरेकचे डोळे लाल. पहिल्यांदाच ते कुणाला "हो, हो" म्हणाले नाहीत.

मग त्यांनी स्वतःच्या कपाळावर बोट ठेवलं. "म्हणजे तो इथेच आहे की," म्हणाले. रक्ताचा नमुना तपासून निकाल सांगावा तसे. "सबंध बाजू. एक सूर इकडेतिकडे नाही. मग ते मशीन त्याचं काय बिघडवणार?"

ते आतल्या खोलीत गेले. कपाटं उघडल्याचा आवाज आला. परत आले तेव्हा मशीन कानात होतं, जरा वाकडं. मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदाच दुसरी बाजू न लावता ते ताईसमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बोल."

इतक्या महिन्यांचं साठलेलं, आणि बिचारीच्या तोंडून निघालं ते, "चहा टाकू?" सवयीनं गल्ली हादरेल एवढ्या मोठ्यानं.

साडूभाऊंनी दोन्ही हात कानावर नेले. "अगं, ओरडतेस काय? मी इथेच आहे."

ती मटकन सोफ्यावर बसली. ते तिच्या शेजारी बसले. मॉरीननं डेरेकच्या बाहीला धरलं, आम्ही तिघं वड्यांची बशी घेऊन गुपचूप स्वयंपाकघरात गेलो आणि दार लोटून घेतलं. चहा मीच टाकला. पलीकडून ताई बोलत असल्याचं कळत होतं, खूप वेळ बोलत होती. पण इतकं हळू की मधे एक पातळ दार असूनही मला त्यातला एक शब्द ऐकू आला नाही.