प्रत्येक घराची एक भिंत : बुलढाण्यातलं दगडी चर्च आणि चुन्याचे दोन आठवडे

मला एकटीनं जायचं होतं. ऋजुता सोबत आली, कारण तिची रजा शिल्लक होती. पुण्यात आम्ही एका खोलीत राहतो. मी स्थापत्य अभियंता, जुन्या दगडी इमारतींची दुरुस्ती हा माझा विषय. ती एका कंपनीत माणसं भरती करते. बुलढाणा जिल्ह्यात, चिखली आणि मेहकरच्या मधल्या एका गावात, मिशनच्या काळातलं छोटं चर्च आहे. नाताळच्या आधी तिथे चुन्याचं काम जाणणारं कुणीतरी विनामोबदला हवं होतं. महिनाभर फोनवर बोलून सगळं मीच ठरवलं होतं. गावाचं नाव तिथल्या लोकांच्या विनंतीवरून देत नाही.

जाणाऱ्यांसाठी: पुण्याहून रेल्वेनं मलकापूर, तिथून मोताळ्यावरून बुलढाण्याला एसटी. शेवटी घाट आहे, पोट हलकं ठेवा. स्टेशनबाहेरची कचोरी म्हणूनच परतीसाठी राखून ठेवावी. आम्ही ठेवली नाही. बुलढाण्याहून चिखली, पुढे मेहकरची गाडी. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे हा सगळा प्रवास रेल्वेच्या जेवणाहून फार महाग पडत नाही.

चिखली यायच्या आत शेजारच्या बाईनं ऋजुताला ओंजळभर ओल्या तुरीच्या शेंगा दिल्या होत्या, स्वतःचा फोन नंबर दिला होता आणि सुनेची तक्रारही सांगून झाली होती. त्या बाईच्या दुसऱ्या बाजूला मी बसले होते.

चर्च गावाच्या कडेला, कपाशीच्या रानाला लागून आहे. काळा दगड, आतबाहेर चुन्याचा गिलावा, वर कौलं. बाहेरून भिंतीला आधाराचे दगडी खांब आहेत, आणि दोन खांबांमधली जागा म्हणजे एक 'भिंत'. इथे प्रत्येक ख्रिस्ती घराची एक भिंत ठरलेली आहे, आजोबा-पणजोबांपासून. नाताळच्या आधी ज्यानं त्यानं आपल्या भिंतीला सफेदी द्यायची. सासरी गेलेल्या मुलीही त्यासाठी येतात. आमची सोय ज्यांच्याकडे होती त्या एस्तेरकाकूंनी पहिल्याच संध्याकाळी सोल्यांची भाजी, म्हणजे ओल्या तुरीच्या दाण्यांची, आणि भाकरी वाढत हे सांगितलं.

"मंग माही भिंत कोनती?" ऋजुतानं लगेच त्यांच्याच बोलीत विचारलं. तिची बोली वाईट होती. सगळे हसले, आणि काकूंनी तिच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.

"तुमाले वाढू का, मॅडम?" त्यांनी मला विचारलं. मी नको म्हटलं.

काम सोपं असायला हवं होतं. गवंडी यासीनभाईंनी माझ्या सांगण्यावरून चुनकळी, म्हणजे भाजलेल्या चुन्याचे खडे, आधीच पाण्यात भिजवून खड्ड्यात मुरवत ठेवली होती, आणि ती उत्तम मुरली होती. अडचण एकच होती: वेदीच्या मागची, उत्तरेकडची भिंत. ती दाविदआबांच्या घराची. आबा ऐंशीच्या आसपासचे, ताठ, मंडळीतले ज्येष्ठ. काही वर्षांपूर्वी त्यांनी चुना सोडून दुकानातला महाग प्लास्टिकचा रंग दिला होता. चुना कपड्यांना लागतो, दर साली द्यावा लागतो. देवाच्या घराला त्याहून चांगलं द्यावं, हा त्यांचा हेतू. जुनी भिंत श्वास घेते असं लोक म्हणतात. ती घेत नाही. तिच्यातली ओल पृष्ठभागातून बाहेर पडते, एवढंच. प्लास्टिकचा रंग ती वाट बंद करतो. आबांच्या भिंतीचा गिलावा फुगून पडत होता आणि ओल शेजारच्या दोन भिंतींकडे सरकत होती. ती खरवडल्याशिवाय बाकीच्या कामाला अर्थ नव्हता.

मी आबांना भिंतीपाशी नेलं आणि कारण सांगितलं. स्पष्ट, क्रमानं, आकृती काढून.

"म्हंजे माह्या रंगानं चर्च सडून राह्यलं?" आबा म्हणाले.

"रंगामुळे ओल अडकते आहे. हो."

"एवढा महागाचा रंग देल्ला म्या. हात नाई लावाचा भिंतीले." आणि ते काठी टेकत निघून गेले.

यासीनभाई पाटी खाली ठेवत म्हणाले, "मॅडम, तुमची चुनकळी आन् तुमचा चेहरा, दोन्हीले नरम पडाले टाइम लागते." ते विनोदानं म्हणाले होते. ऋजुता इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा स्वतः आले. "खरवडा," म्हणाले. मग ऋजुताकडे वळून, "माय, सफेदी मात्र तुह्याच हातानं दे. अवंदा माह्या घरची पोर तू."

मी आकृती काढली होती. तिनं त्यांच्या ओट्यावर बसून चहा घेतला होता. मत्सर हा शब्द मी जपून वापरते, पण इथे दुसरा अचूक शब्द नाही.

रंग खरवडून, पडका गिलावा काढून आम्ही चुना, वाळू आणि विटांच्या भुकटीचा नवा गिलावा चढवला. त्यावर ओलं गोणपाट लावलं. मग थांबायचं असतं. त्या मोकळ्या दिवसात आम्ही लोणारला गेलो. मेहकरहून भरपूर गाड्या मिळतात. सकाळी लवकर पोचा, पाणी सोबत घ्या, चांगले बूट घाला. विवराच्या काठावरून पहिल्यांदा खाली पाहिलं की झाडांच्या वर्तुळात ठेवलेलं हिरवट पाणी दिसतं आणि अंतराचा अंदाज पार चुकतो. गावातलं दैत्यसूदनाचं मंदिर वेळ काढून बघा. बाहेरच्या भिंतीवर एक सपाट जागा सापडणार नाही, इतकं कोरीव काम आहे. तिथला वाटाड्या सगळी माहिती ऋजुताकडे बघून सांगत होता. प्रश्न मी विचारत होते.

परतीच्या एसटीत मी तिला विचारलं, "आबांना काय सांगितलंस?"

"हेच, की रंगाचा दोष नाही. वरची पन्हळ फुटली होती, तिचं पाणी मुरलं. पन्हळ फुटलेली आहेच ना?"

"ती दक्षिणेला आहे."

"त्यांना कुठे माहितीये? अगं, म्हाताऱ्या माणसानं प्रेमानं रंग दिलाय. उगाच कशाला लावून घ्यायचं त्यांच्या मनाला? तुझं काम झालं ना?"

काम झालं नव्हतं. दोष रंगाचा नाही, तर पुढच्या नाताळला आबा पुन्हा तोच रंग देणार, कदाचित आणखी महाग. नवा गिलावा दोन-तीन पावसाळे टिकेल आणि मग वेदीची भिंत उरणार नाही. हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "मग तू सांग त्यांना." तिच्या आवाजात राग नव्हता. मी जाऊन सांगेन असं तिला वाटलंच नसावं.

मी सांगितलं. सफेदीच्या आदल्या दिवशी आबा गोणपाटावर पाणी मारत होते. पन्हळ दक्षिणेला आहे, उत्तरेच्या भिंतीशी तिचा संबंध नाही, नुकसान रंगानंच झालं, आणि पुन्हा दिला तर पुन्हा होईल, एवढं बोलले. भिंतीसाठी बोलले की ऋजुता त्यांची 'माय' होती म्हणून, हे त्या क्षणी मला वेगळं काढता आलं नाही. आजही येत नाही.

आबांनी झारी खाली ठेवली. "मंग त्या पोरीनं काऊन तसं सांगलं?"

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून."

"आन् तुमाले मले वाईट वाटलं तं चालते?"

"भिंत पडलेली चालणार नाही."

त्यांनी झारी उचलून उरलेलं पाणी गोणपाटावर मारलं. मग घरी गेले.

सफेदीच्या दिवशी सगळं गाव लोटलं होतं. बादल्या, कुंचे, पोरांच्या केसात चुना, कुणाच्या तरी फोनवर मोठ्यानं नाताळची गाणी. एस्तेरकाकू आपल्या जावेला ओरडत होत्या, "अवं, तुह्या भिंतीवर मार नं, माह्यावर काहाले येऊन राह्यली?" आबा आले. मला वाटलं, ऋजुताला बोलतील. त्यांनी कुंचा तिच्या हातात दिला. "खोटं बोलली तू," म्हणाले, "चाल, वरून सुरू कर." ती रडायला लागली आणि त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. खरं बोललेली मी शेजारी बादली धरून उभी होते.

परत येताना आम्ही जालन्याचा रस्ता धरला, वाटेत सिंदखेडराजा. राजवाडा बघाच, पण घाईत असाल तरी मोती तलावाचा दगडी बांध सोडू नका. त्याच्या आतल्या जिन्यातून मी खालीवर फिरले. शतकं पाणी अडवून धरलेलं बांधकाम हाताला थंड लागतं. ऋजुता वर सावलीत बसून एका कुटुंबाचे फोटो काढून देत होती. निघताना त्यांनी तिला घरी जेवायला बोलावलं. गाडी चुकेल, असं मी सांगितलं.

आता महिना झाला. खर्च कमी आला. काकूंनी राहण्याजेवणाचे पैसे घेतले नाहीत, तुम्ही गेलात तर दानपेटीत टाका. फोन मात्र ऋजुताला येतात. काकूंचे, त्या एसटीतल्या बाईचे, आबांचे. ती स्पीकरवर लावते आणि मी पुस्तकात बघते.

गेल्या रविवारी आबांचा आला. खोकला, हरभऱ्याचं पीक, नातवाची परीक्षा असं सगळं बोलून झाल्यावर ते म्हणाले, "माय, ते मॅडम हायेत का तिथं? त्याइले विचार, पुढच्या नाताळासाठी चुनकळी कवा भिजवाची? म्या आंधीच आनून ठेवतो."

ऋजुतानं फोन माझ्यापुढे धरला. "दिवाळी झाली की लगेच," मी म्हणाले. "आणि वरून पाणी आटू देऊ नका."

"हाव," आबा म्हणाले. मग त्यांचा आवाज बदलला. "ऋजू, जेवली का वं तू?"

ती भिंत आता माझ्या अंदाजानं बराच काळ उभी राहील. मी त्यासाठीच गेले होते. ऋजुता सांगत होती काय जेवली ते, सविस्तर, आणि मी ऐकत होते. मीही तेच जेवले होते.