काटेदादा आणि खांद्याचं मटण

हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात चादरींच्या इस्त्रीयंत्रावर दोघीजणी लागतात. एकीनं ओली चादर आत सरकवायची, दुसरीनं पलीकडून गरमागरम ओढून घडी घालायची. सहा वर्षं माझी जोडीदारीण एकच होती. तिच्या सासऱ्यांची गोष्ट तिनं मला वाफेच्या फुसफुसाटावर ओरडून, थोडी थोडी करून सांगितली. शेवटी शेवटी तर मी स्वतःच पाहिली.

सासरे खाटीक. बाजारात चाळीस वर्षं त्यांचं डुकराच्या मटणाचं दुकान होतं. गिऱ्हाइकानं सव्वा किलो मागावं, ह्यांनी सत्तूर चालवावा, आणि तुकडा तराजूत टाकला की काटा बरोब्बर सव्वा किलोवर थांबावा. म्हणून अख्खा बाजार त्यांना काटेदादा म्हणायचा. बायको लवकर गेली. मुलाला एकट्यानं वाढवलं. तो जहाजावर इंजिनच्या कामाला लागला, म्हणजे वर्षातले आठ महिने पाण्यावर.

मग काटेदादांचा उजवा हात थरथरायला लागला. कंपवात. ते त्यांनी कुणाला कळू दिलं नाही. हाडं तोडायचं काम हळूच भागीदाराकडे सरकवलं आणि आपण खिशात हात घालून गप्पा मारायला लागले. पण एका सकाळी सत्तूर डाव्या अंगठ्यावर आला. टाके घालून घेतल्यावर ते परत दुकानात गेले, एप्रन काढून खुंटीला अडकवला, भागीदाराला म्हणाले, "आता तू बघ." त्यानंतर त्या गल्लीत पाऊल नाही.

सुनेच्या घरी राहायला आले तेव्हा मुलगा जहाजावर होता. घरात दोघंच. काटेदादा आपल्या खोलीत दार लोटून जेवायचे. चमचा तोंडाशी जाईपर्यंत निम्मं सांडायचं, ते कुणी बघू नये म्हणून. बोलणं म्हणजे 'हो', 'नको' आणि 'दिवा घालव'.

"त्यापेक्षा भिंतीशी बोललेलं बरं," जोडीदारीण मला म्हणायची. "भिंत निदान सांडलेला भात पलंगाखाली तरी ढकलत नाही."

त्याच सुमारास मी बहिणीकडे राहायला जाणार होते. तिच्या स्वयंपाकघरात माझ्या स्लो कुकरला जागा नव्हती, म्हणून तो मी जोडीदारणीला देऊन टाकला. विजेवर चालणारं जाडजूड मातीचं भांडं, वर काचेचं झाकण. सकाळी लावायचं, कामाला जायचं, संध्याकाळी शिजलेलं तयार. आमच्यासारख्यांना वरदानच. त्यात डुकराचं गोड मटण कसं करायचं तेही मी तिला सांगितलं. कांदा, लसूण, लाल मिरची, टोमॅटो सॉस, व्हिनेगर आणि सढळ हातानं तपकिरी साखर. मटण शिजलं की दोन काट्यांनी धागे धागे सोडवायचे आणि आटवलेल्या रसात परतायचे.

पहिल्या रविवारी तिनं केलं आणि ताट सासऱ्यांच्या खोलीत नेऊन ठेवलं. पाच मिनिटांत ते ताट घेऊन बाहेर आले.

"हे कुठलं मटण आणलंस?"

"पाठीचं, बाबा. दुकानात सगळ्यात लुसलुशीत तेच दिसलं."

"पाठीचा तुकडा आठ तास शिजवलास? ह्याच्यापेक्षा माझी चप्पल शिजवली असतीस तर मऊ झाली असती! अगं, त्याला चरबी नाही, काही नाही. खांदा लागतो. हाडासकट."

एवढं लांब वाक्य तिनं त्यांच्या तोंडून तीन महिन्यांत पहिल्यांदाच ऐकलं होतं. तिनं संधी सोडली नाही. "मला खांदा ओळखता येत नाही. तुम्ही चला."

ते नाही म्हणाले. पण पुढच्या शनिवारी सकाळी ती पिशवी घेऊन निघाली, तर हे बूट घालून दारात उभे. वाटेत दोनदा थांबले. दम लागला म्हणाले. दुकानातून भागीदारानं त्यांना पाहिलं आणि हातातलं काम टाकून बाहेर आला. काटेदादांचे हात खिशातच. हनुवटीनंच दाखवत होते. इथून काप, ती चरबी राहू दे, हाड काढू नकोस.

"किती भरेल, दादा?" भागीदारानं विचारलं.

"दोन किलो."

काटा दोन किलो शंभरवर गेला. काटेदादांचा चेहरा उतरला. भागीदार म्हणाला, "काटा जुना झालाय, दादा. बदलायला हवा."

"काटा ठीक आहे," काटेदादा म्हणाले, आणि हसले. हसले, हे जोडीदारणीनं मला दोनदा सांगितलं.

सोमवारी पहाटे तिनं खांद्याला मीठ-साखर चोळली, भांडं लावलं आणि बजावलं, "बाबा, झाकण उघडायचं नाही. वाफ गेली की सगळं लांबतं." दुपारी धुलाईखान्यात काटेदादांचा फोन. "वास सुटलाय गं!" ती संध्याकाळी घरी पोचली तर मटण अजून चिवट.

"उघडलं होतंत ना?"

"एकदाच."

तिनं नुसतं पाहिलं.

"पाचदा," काटेदादा म्हणाले. "चाळीस वर्षं कच्चं विकलं. असं दिवसभर शिजताना कधी बघितलं नव्हतं."

दोघंही आणखी दीड तास थांबले, भुकेले. मग हाड आपोआप सुटून हातात आलं. तिनं काटे घेतले, पण दिवसभर चादरी ओढून तिची मनगटं भरून आली होती. चार धागे सुटले नाहीत तोच तिनं काटे खाली ठेवले. काटेदादांनी ते उचलले. उजवा हात थरथरत होता, पण इथे धार नव्हती, नेम धरायचा नव्हता. त्या थरथरीनंच मटण भराभर उकलत गेलं, बारीक, एकसारखं. ते मान वर न करता ताटातलं सगळं मटण सोडवूनच थांबले.

त्या दिवशी ते तिच्यासमोर टेबलावर बसून जेवले. पावात मटण भरलं, दोन्ही हातांनी धरलं. सांडलं. तिचंही सांडलं. गोड रस कोपरापर्यंत ओघळला.

पुढे आमच्या मुकादमबाई निवृत्त झाल्या, तेव्हा निरोपाच्या जेवणातल्या मटणाची जबाबदारी जोडीदारणीनं घेतली. तीन घरांतून तीन कुकर आणले. काटेदादा धुलाईखान्यात आले, घड्यांच्या टेबलाशी वीस बायकांसमोर बसले आणि बाह्या सरसावल्या. हात सगळ्यांना दिसत होते. कुणीतरी विचारलंच, "दादा, थंडी वाजतेय का?"

"नाही गं," ते म्हणाले. "कंपवात आहे. ताट धर जरा."

तिनं धरलं.

गेल्या वर्षी दुसरा हातही थरथरायला लागला. आता काटे टिकत नाहीत, पावही सूनच भरवते. मुलगा रजेवर आला की तो भरवतो, पण काटेदादांना त्याचे घास मोठे वाटतात. मागच्या आठवड्यात मी गेले होते. सून ओट्याशी मटण सोडवत होती आणि ते खुर्चीतून ओरडत होते, "आडवं नको, धाग्याच्या बाजूनं ओढ!"

"तुम्ही गप्प बसा हो, बाबा," ती म्हणाली, आणि त्यांनी सांगितलं तसंच ओढू लागली.