तोरणापाशी थांबलेली घोडी

प्रत्येक नव्या वाटेला एक पहिला घोडेस्वार लागतो, आणि आमच्या बागेतल्या वाटेला तो माझ्या रूपाने लाभला. मी बँकेतून निवृत्त झालेला, मूळचा साताऱ्याचा. त्याआधी मी स्वार झालो होतो ते फक्त स्कूटरवर.

जयपुरात मालवीय नगरातल्या आमच्या घराजवळ सार्वजनिक बाग आहे. तिथे एक वाट चालणाऱ्यांची, एक घोड्यांची. आम्ही पाच-सहा स्वयंसेवक दर रविवारी त्यांची निगा राखतो. काटेरी बाभूळ छाटून, दगड वेचून, वाळू पसरून घोड्यांची वाट तयार झाली, तेव्हा एकच उणीव राहिली होती. घोडा.

तेवढ्यात बागेच्या साहेबांचं पत्र आलं. येत्या रविवारी सकाळी दहापर्यंत घोड्याची एक फेरी पूर्ण झाली तर वाट राहील, नाहीतर तिथे पार्किंग!

"मी बसतो," मी जाहीर केलं.

"कुठे?" बायकोने, म्हणजे मंदाने, विचारलं.

"घोड्यावर."

"स्वतःच्या वरातीत बसा म्हटलं, तर पाठ दुखत होती तुमची."

घोडी मिळाली तीही वरातीतलीच. नाव बिजली. (चालीवरून ठेवलेलं नसावं.) मालक रामधनजी म्हणाले, "बाबूजी, बिलकुल गऊ है। आज तक एक दूल्हा नहीं गिराया।"

मंदाला शुभकार्याचा उत्साह फार. तिने वाटेच्या तोंडाशी दोन खांबांना झेंडूचं आणि आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं, शेजारी नैवेद्याची ताटलीही ठेवली. साडेनऊला मी स्टुलावरून घोडीवर चढलो. (दोघांनी ढकललं, तिसरा पलीकडे झेलायला उभा होता.) बिजली डौलात निघाली आणि तोरणाखाली येऊन थांबली.

मी टाच मारली. चुचकारलं. "चल की गं" म्हणून सातारी विनवणी केली. बिजली ढिम्म! पाहणीला आलेले साहेब घड्याळ बघत होते.

आमची मुलगी शर्वरी जयपुरातच वाढलेली. ती म्हणाली, "बाबा, तोरण मारा ना."

"काय मारू?"

"मतलब, इथे नवरदेव घोडीवरूनच नवरीच्या दारातल्या तोरणाला फांदी मारतो. त्याशिवाय बिजली हलणार नाही."

तीस वर्षं मी इथल्या लग्नांना जातोय. या विधीच्या वेळी मी बहुधा जेवणाच्या रांगेत असायचो.

रामधनजींनी कडुनिंबाची फांदी दिली. मी तोरणाला मारली. शेजारच्या वाटेवरचे चालणारे थांबून टाळ्या वाजवू लागले. बिजली दोन पावलं पुढे गेली आणि पुन्हा थांबली.

"अब उतरिए, बाबूजी," रामधनजी म्हणाले. "तोरण के बाद दूल्हा उतर जाता है। आगे ये कभी गई ही नहीं।"

दहाला बारा मिनिटं कमी होती. सहा रविवारांची मेहनत, आणि तिच्यावर उद्या कुणाची तरी मोटार!

"तुम्ही उतरा आधी," मंदा म्हणाली. मी उतरलो, म्हणजे बराचसा घसरलो. मंदाने नैवेद्याच्या ताटलीतला गुळाचा खडा उचलला, बिजलीच्या नाकापुढे धरला आणि चालू लागली. "चल गं बाई. यांचं झालं."

दोघी गप्पा मारत फिरायला निघाल्यासारख्या गेल्या आणि दहाला दोन मिनिटं कमी असताना परत आल्या. साहेबांनी 'फेरी पूर्ण' असा शेरा मारला.

"पण साहब, सवार तो बीच में ही..." मी प्रामाणिकपणे म्हणालो.

साहेबांनी पत्र माझ्यापुढे धरलं. मी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. त्यात स्वाराचा उल्लेखच नव्हता.