नकार कळवणारा पाहिजे

जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी हे दोन काठ गोटमारीत एकमेकांवर दगड भिरकावतात आणि उरलेलं वर्ष एकमेकांना पोरी देतात. ते उरलेलं वर्ष कलाबाईचं.

कलाबाई लग्नं जुळवते. संत्र्याचे बागवाले, कापसाचे व्यापारी, शाळेतले मास्तर, नगरपालिकेतले बाबू, सगळ्यांची लग्नाची पोरंपोरी फोटोसकट तिच्या मोबाइलात. पण स्थळ सुचवण्याचं तिला काही कौतुक नाही. "हो सांगाले काय लागते? पेढ्याचा डबा घेऊन कोनीबी जाते," ती म्हणते. "नाही सांगून दाखवा."

तिचं नाव उभं आहे ते नकारांवर. कलाबाईनं कळवलेला नकार ऐकून मुलाचा बाप दुसऱ्या दिवशी बाजारात मुलीच्या बापाला स्वतः चहा पाजायचा. त्यासाठी तिचा एक खास आवाज होता. आधी मोठा उसासा, मग "अजी भाऊ, पोरगं तं हिरा हाय, पन काय करता, पत्रिकाच आडवी येऊन राहिली." 'आडवी' शब्दावर हात असा आडवा फिरायचा की जणू रस्त्यात बैलगाडीच उलटली आहे.

अलीकडे मात्र लोक मेसेज करू लागले होते. कलाबाई एका बोटानं टाइप करते, तेही बोट धाडसानं उचलून आणि शंकेनं टेकवून. होकारांना 'ओके' चालायचं, नकारांना कसं चालेल? नकार साचू लागले. आणि उशिरा पोचलेला नकार म्हणजे तोवर तिकडे हॉल बघून झालेला.

सून उर्वशी कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते. ती म्हणाली, "आई, तुम्ही एक एआय ठेवा ना कामाले."

"कोन हाय थो? कुठचा?"

"मानूस नाही जी. मोबाइलमधला मदतनीस. आपन बोलायचं, थो लिहून देते. तीन-चार हायेत, वेगवेगळ्या कंपन्यांचे. सगळे पाहू, जो जमला थो ठेवू."

कलाबाई ताठ झाली. तीन-चार आहेत, पाहायचे, त्यातला एक ठरवायचा! हे तर तिचंच काम. ती आत गेली आणि बऱ्याच वेळानं बाहेर आली.

"आई, साडी काहून बदलली?"

"पाहनी हाय ना वो! आन, एकेकाले बसव समोर."

उर्वशीनं मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला. कलाबाईनं पदर सारखा केला आणि घसा साफ केला. "नाव काय बापा तुमचं? गाव कोनतं? घरी कोन कोन असते?"

पहिला म्हणाला, "मी एक संगणकीय सहायक असून मला गाव अथवा कुटुंब नाही. तथापि आपल्या सेवेस मी सदैव तत्पर आहे."

"अरे देवा, अनाथ हाय बिचारा," कलाबाई हळहळली. "पन बोलते कसा, ऐक! 'तथापि' म्हन्ते! लग्नपत्रिका छापाले देल्ली तं दुरुस्त कराचं काम नाही."

दुसऱ्याला तिनं तेच विचारलं. तो उसळलाच. "वा! किती सुंदर प्रश्न विचारलात! खरंच, तुमच्यासारखी विचारी व्यक्ती—"

"बंद कर," कलाबाई म्हणाली. "असे पोट्टे म्या लय पाह्यले. साखरपुड्यापर्यंत गोड राह्यतेत."

तिसऱ्यानं आपल्याला गाव नाही एवढं सरळ सांगितलं आणि उलट विचारलं, "तुम्ही काय काम करता? कोणाला मेसेज लिहायचे असतात? ते लोक तुमच्या किती ओळखीचे आहेत?"

कलाबाईच्या भुवया वर गेल्या. "हे पाय! पाहनीत पोरगाच सवाल करून राहिला. आगाऊ हाय."

"आई, मदतनीसच पाहून राहिलो आपन, जावई नाही."

"एकच असते," कलाबाई म्हणाली आणि 'तथापि'वाल्याला होकार दिला.

पहिलंच काम मोठं अवघड होतं. सौसरच्या प्रकाशभाऊंना नकार कळवायचा होता.

प्रकाशभाऊ वीज खात्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या पुतणीचं लग्न कलाबाईनं जुळवलं, आणि मग त्यांनीच सौसरपासून बोरगावपर्यंत सगळ्या बौद्ध घरांत तिचं नाव नेलं. "आपली ताई हाय, डोळे मिटून विश्वास ठेवा!" त्या दारांतून ती आत गेली ती प्रकाशभाऊंच्या या एका शब्दावर. आता त्यांच्या विशालसाठी तिनं पांढुर्ण्याची सुप्रिया सुचवली होती. सुप्रिया दवाखान्यात नर्स. परवाच पाहणी झाली, आणि सुप्रियानं नाही म्हटलं.

कारण तिनं हातचं न राखता सांगितलं. "काकू, मी विशालले विचारलं, सुट्टीच्या दिवशी काय करता? तर त्याचे बाबा म्हणाले, तो वाचन करते. मी विचारलं, भाजी कोणती आवडते? बाबा म्हणाले, वांगं. शेवटी मी त्याच्याकडं पाहून विचारलं, तुम्हाले झोप लागते का नीट? तर बाबा म्हणाले, बिलकुल, एकदम गाढ! काकू, मले मुलासोबत राहाचं हाय."

आता मुलाच्या बापाला नकार कळवायचा, आणि नकाराचं कारण म्हणजे खुद्द तो बाप! असला नकार कलाबाईच्याही वाट्याला कधी आला नव्हता. तो बिघडला तर एक स्थळ गेलं असं नव्हतं, सौसरकडची सगळी दारं लागली असती. तिला धडकीच भरली, म्हणूनच तिनं तो या नव्या गड्याच्या अंगावर टाकला. मोबाइल तोंडाजवळ धरला. "सौसरच्या प्रकाशभाऊले नकार कळव. दुखलं नाही पायजे. मी नेहमी गोड सांगत असतो, तसंच सांग."

क्षणात मेसेज तयार. 'सस्नेह नमस्कार' होतं, 'आपला सुपुत्र' होतं, 'उज्ज्वल भविष्यासाठी' होतं. कलाबाई अर्ध्यावरच इतकी खूश झाली की उरलेलं अर्धं न वाचता बोट टेकवून मोकळी झाली.

भाजी फोडणीला पडायच्या आत फोन वाजला. प्रकाशभाऊंचा आवाज एरवी दारातून आधी यायचा आणि मागून माणूस. आज तो खाली होता.

"जय भीम, ताई."

"जय भीम, भाऊ."

"ताई, आमच्या विशालची पत्रिका तुमाले कोनं देल्ली?"

कलाबाईला कळेना. मग कळलं, आणि हातातली पळी तशीच राहिली.

"मतलब, आमच्यात पत्रिका कोन पाह्यते? वंदना होते, लगन लागते. तुम्ही आमच्या घरी बसून जेवल्या, तुमाले मालूम नाही काय? लिहिलं काय, तं 'ग्रहमान अनुकूल नसल्याने'! विशालची आई पुष्पा म्हने, ताईचं नसन हे, कोन्या दुसऱ्याचं चुकून आलं असन. म्या म्हटलं, नाव तं ताईचंच हाय. नाही म्हनाचं तं नाही म्हना, ताई. पन आमाले न पाह्यता म्हनू नका."

आणि एरवी फोन ठेवताना तीनदा निरोप घेणाऱ्या प्रकाशभाऊंनी फोन ठेवून दिला.

कलाबाई बसून राहिली. चूक मशीनची म्हणावी, तर ते मशीन तिचाच उसासा आणि तिचीच आडवी पत्रिका शुद्ध मराठीत छापून मोकळं झालं होतं. 'तसंच सांग' असं तिनंच सांगितलं होतं. त्यानं विचारलं नाही, कोणाला सांगायचं. तिनंही सांगितलं नाही.

"उर्वशी," तिनं हाक मारली. "थो आगाऊ कुठं गेला? सवाल करनारा?"

मोबाइल पुन्हा तांब्याला टेकला. या वेळी साडी बदलली नाही. कलाबाईनं सगळं सांगितलं, पळी हलवत. त्यानं विचारलं, "प्रकाशभाऊंना सगळ्यात जास्त काय लागलं असेल, नकार की पत्रिका?"

"पत्रिका," कलाबाई म्हणाली. "नाही. मी फोन नाही केला, थे."

"मग त्यासाठी तुम्हीच फोन करावा असं वाटतं, मी लिहिलेला मेसेज नको. आणखी एक विचारू? सुप्रियाचं मत कळलं, प्रकाशभाऊंचं कळलं. विशालचं काय मत आहे?"

कलाबाईनं उर्वशीकडे पाहिलं. उर्वशी तिच्याकडे पाहत होती. इतकी लग्नं जुळवली, इतके नकार पोचवले, पण मुलाला काय वाटलं ते मुलाचा बाप सांगतो तेच, अशीच तिची समजूत. विशालचा आवाज कसा आहे, हेही तिला आठवेना. पातळ का जाड?

उत्सुकता तिला गप्प बसू देईना. तिनं विशालला फोन लावला. आवाज चांगला जाड निघाला.

"काकू? मी सांगनारच होतो तुमाले. माझाबी नकारच हाय."

"काहून रे बापा? पोरगी नाही आवडली?"

"आवडली, नाही आवडली, कसं सांगू? मी तिच्याशी एक शब्द तं बोललो नाही. माझ्या झोपेचंबी बाबानंच सांगितलं. अन् काकू, मले झोप नाही लागत नीट. अशानं हो म्हनाचं म्हंजे तिचीबी फसवनूक."

"मंग बाबाले काहून नाही सांगितलं?"

"बाबा थांबले तं सांगू ना!"

कलाबाईला हसू आवरेना, पण तिनं ते गिळलं. "आज थांबव, बेटा. मी सांगून राहिली, थांबव. आधी मी माफी मागतो, मंग तुझी पाळी."

तिनं लगेच प्रकाशभाऊंना फोन केला. उसासा नाही, हात आडवा नाही. "भाऊ, चुकलं. लिहिनाऱ्याचं नाही, माझंच. न वाचता पाठवलं, अन् तुमाले फोन कराले भ्यायली." पलीकडून फक्त "हं" आलं. "हं" म्हणजे माफ की साफ, तिला कळेना. ती म्हणाली, "भाऊ, आता विशालले एक डाव विचारा. अन् त्याचं होईस्तोवर आइका."

संध्याकाळी उर्वशीनं विचारलं, "आई, मंग कोणता ठेवू? बाकीचे काढून टाकतो."

"विचारनारा ठेव," कलाबाई म्हणाली. "सांगनारे आपल्या घरी बहुत हायेत. अन् पाठवाचं बोट माझंच राहीन."

तेवढ्यात प्रकाशभाऊंचा फोन आला. कलाबाईनं पदर डोक्यावर घेतला, जणू ते दारातच उभे आहेत.

"ताई, पोट्टा बोलला," प्रकाशभाऊ म्हणाले. आवाज अजून खालीच होता. "म्हन्ते, बाबा, तिथं बसलो मी होतो, पन पाहनी तुमची झाली."

कलाबाईनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ताई, खरं सांगा. पोरीनं माझ्यापायीच नाही म्हटलं काय? म्या लय बोललो काय हो?"

हा नकार पोचवायला कलाबाईजवळ गोड आवाज तयार होता. मोबाइलातला मदतनीसही होता. तिनं दोघांनाही बाजूला ठेवलं.

"हो, भाऊ. लय बोलले."

सौसरच्या रस्त्यावरून गेलेल्या एका मोटारसायकलचा आवाज तेवढा फोनमधून आला. मग प्रकाशभाऊंनी नाक ओढलं आणि विचारलं, "बरं. तुम्ही विशालसाठी दुसरी पोरगी पाहान ना?"

"पाहीन ना, भाऊ. काहून नाही?"

"मंग त्या टायमाले मी भायेरच बसतो. अंगनात. बिलकुल आत येत नाही," प्रकाशभाऊ म्हणाले, आणि आवाज हळूहळू आपल्या नेहमीच्या उंचीवर चढू लागला. "पन ताई, तिथं अंगनात कोनी बोलाले असन ना?"