वळणावरचं पाणी

सौंसरच्या बस स्टँडसमोर आमचं घर येऊन उभं राहिलं, तेव्हा ते बघायला अर्धा बाजार गोळा झाला. घर म्हणजे एक जुनी डिझेल व्हॅन. मागच्या सीटा काढून मी तीत झोपायची दोन बाकं, स्टोव्ह आणि पाण्याची टाकी बसवली होती. नागपूरहून निघताना शेजाऱ्यांनी विचारलं होतं, "गोगलगायीकडून शिकलात काय हो हे?" मी तिकडे कानाडोळा केला. जन्मभर वर्कशॉपात लोकांची इंजिनं उघडली, आता स्वतःच्या इंजिनामागे बसून बायकोबरोबर हिंडायचं होतं. ते इंजिन बसलं असतं तर आमचं हिंडणंही तिथेच बसलं असतं.

समोरच्या हॉटेलात गरम सांबारवडी (कोथिंबीर भरलेली तळलेली वळकटी) मिळाली. हॉटेलवाल्यानं चहा ओतता ओतता विचारलं, "पांढुर्ण्याले चालले का? मंग एक ऐका. पुढं जांभळीपाशी वळण हाये. गाडी गरम झाली तरी तिथं थांबू नका."

"का बरं?"

"भर दुपारी एक बाई घागर घेऊन उभी रायते. तिच्या हातचं पाणी घेतलं त गाडी पोचत नाई."

"आणि माणूस?" सुधानं, म्हणजे माझ्या बायकोनं, हसत विचारलं.

तो हसला नाही. "माणसाचं त इचारूच नका, बाई," म्हणून फडकं खांद्यावर टाकून आत गेला. मी भुताखेतांना मानत नाही. पण कुणी असं न हसता सांगितलं की ते डोक्यातून जात नाही, हेही खरं.

सौंसर सोडल्यावर दोन्ही बाजूंनी संत्र्याच्या बागा लागल्या. रस्ता अरुंद, आणि पुढे कापसानं ओसंडणाऱ्या बैलगाड्यांची रांग. तिच्यामागे आम्ही बराच वेळ रेंगाळलो. सुधाच्या केसांत कापूस, माझ्या मिशीत कापूस. तिला मी म्हातारा दिसतो, असं तिनं तीनदा सांगितलं.

रस्ता मोकळा झाला आणि पाण्याचा काटा चढायला लागला. पौषातली थंडी, अंगावर स्वेटर, आणि इंजिन तापतंय! निघताना पाणी बघितलं होतं, पंख्याचा पट्टा दाबून बघितला होता. मी वेग कमी केला, तरी काटा चढतच होता. तेवढ्यात जांभळीचं झाड दिसलं. बागेत एकही पाखरू ओरडत नव्हतं. आणि झाडाखाली, पांढऱ्या लुगड्यातली, कमरेवर घागर घेतलेली बाई उभी होती.

"थांबवा ना गाडी," सुधा म्हणाली.

मी मात्र ती जोरात दामटली. वळण संपायच्या आत बॉनेटमधून वाफेचा लोट आला आणि गाडी आपोआप थांबली. आरशात बघतो तो बाई आमच्याकडेच येत होती. घाई नाही, हाक नाही, नुसती चालत होती. उडी मारून खाली उतरलो, बॉनेट उघडलं आणि फडकं धरून रेडिएटरच्या झाकणाला हात घातला. असं करणाऱ्या पोरांना मी वर्कशॉपात शिव्या घालत असे.

"झाकणाले हात लावू नका!" मागून आवाज आला. "उकळतं पाणी तोंडावर येते."

मी हात मागे घेतला. तिनं घागर आणि लोटा दूर जमिनीवर ठेवला आणि स्वतः आणखी मागे सरकली.

"एक ट्रकवाला असाच भेवला मले पाहून. झाकण उघडलं अन् तोंड भाजून घेतलं. तवापासून गाडी धूर सोडून राहिली की मले यावंच लागते."

इंजिन निवेपर्यंत आम्ही रस्त्याच्या काठावर बसून राहिलो. मग मी एकेक तपासत गेलो. पट्टा घट्ट, नळ्या धड. रेडिएटरवर हात फिरवला तर बोटांना गादी लागली! बैलगाड्यांचा उडालेला कापूस जाळीत ठासून बसला होता. वाराच आत जात नव्हता, मग पाणी निवणार कसं? ब्रशनं आतल्या बाजूनं बाहेर ढकलत तो काढला. इंजिन सावकाश चालू ठेवून थोडं थोडं पाणी ओतायचं. गरम इंजिनात एकदम गार पाणी घातलं की हेड (इंजिनाचं वरचं झाकण) तडकतं. पाणी अर्थात तिच्याच घागरीतलं.

"आधी मला द्या प्यायला," सुधा तिला म्हणाली. "असं खाली नका ठेवू. हातात द्या."

बाई हलली नाही. "तुम्हाले सौंसरले सांगतलं नाई?"

"सांगितलं की. भूत आहात म्हणे."

"आमी बौद्ध. विहीर आमची हाये. पहिले म्हणत, यायच्या पाण्याचा विटाळ होते. आता तसं म्हणलं त कायदा हाये. मंग मले भूत केलं."

सुधा तशीच हात पुढे करून उभी राहिली, तेव्हा बाईनं लोटा भरून उचलला. सुधानं पुढे होऊन तिच्या हातातून लोटा घेतला आणि रिकामा केला. मग मी प्यायलो. पाणी गोड होतं. बाईचं नाव गिरजाबाई. तिनं पदरानं डोळे पुसले आणि सुधाच्या केसांतला कापूस वेचायला लागली.

गाडी पांढुर्ण्याला व्यवस्थित पोचली. जाम नदीच्या काठी, सावरगावच्या समोर, आम्ही मुक्काम केला. मी डासांची तारेची जाळी रेडिएटरपुढे बसवली. थांबलं की ती झटकायची आणि कापसाच्या गाड्यांपासून लांब राहायचं. परतताना गिरजाबाईच्या विहिरीवर टाकी भरून घेतली. तिनं संत्र्यांची पिशवी दिली, नको म्हटलं तरी.

सौंसरला पुन्हा त्याच हॉटेलात चहा घेतला. "पोचली का जी गाडी?" हॉटेलवाल्यानं विचारलं.

"पोचली आणि परत आली," सुधा म्हणाली. "तुमच्या भुताच्या हातचं पाणी दोन्ही वेळा प्यायलो. फार गोड आहे."

त्यानं आमचे दोन कप उचलले. बाकीचे उष्टे कप बादलीत होते. आमचे त्यानं बाहेर नेऊन पायरीखाली पालथे घातले.

वळणावर मी उगाच घाबरलो होतो. घाबरायची जागा ही होती.

सुधा उठली, पायरीखालचे ते कप तिनं उचलले आणि गाडीत आणून गिरजाबाईच्या पाण्यानं धुतले. अजून आम्ही त्यातच चहा पितो.