डिकीवाली गाडी कुणी निवडली

पत्रा ठोकून ठोकून ठोकेकाकांचं खरं नाव त्यांच्या गॅरेजच्या पाटीवरूनसुद्धा उडालं होतं. गाडी चेंदामेंदा होऊन येवो, काका तिला आठ दिवसांत धडधाकट करून पाठवत. एकच खोड होती. दुसऱ्याचं म्हणणं बरोबर असलं की त्यांना कमी ऐकू यायचं.

गावातल्या दातांच्या डॉक्टरांना रॅलीचं वेड. डोंगरातल्या खडीच्या रस्त्यांवरून घड्याळ लावून गाडी पिटाळायची, हा त्यांचा रविवारचा आराम. यंदाची गाडी बांधायचं काम त्यांनी काकांकडे दिलं. एकाच गाडीचे दोन रिकामे सांगाडे आले. एक आखूड, मागे वर उघडणारा मोठा दरवाजा असलेला, आणि दुसरा लांब, डिकीवाला. कुठला घ्यायचा ते काकांनी सांगायचं होतं.

काका बघताक्षणीच आखूड म्हणाले. "शेपूट नाही, ती वळणाला बरी. यात विचार कसला करायचा?"

विचार केला तो भाचीने. बहिणीची ही मुलगी काकांकडेच राहायची आणि जमीनमोजणीच्या ऑफिसात नोकरी करायची. रॅलीत ड्रायव्हरशेजारी बसून पुढची वळणं वाचून दाखवणारा नॅव्हिगेटर लागतो. ती जागा तिला हवी होती, अगदी मनापासून, आणि डॉक्टरांना तिने तसं सांगितलंही होतं. शनिवारी तिने दोन्ही सांगाड्यांच्या मागच्या एकेका कोपऱ्याखाली जॅक लावला, आणि उचलण्याआधी व नंतर मागच्या तोंडाचे कर्ण टेपने मोजले. आखूड गाडीचे कर्ण चार मिलिमीटरने सरकले. डिकीवालीचे जेमतेम एक.

"मामा, मागे एवढं मोठं भगदाड आहे, म्हणून अंग पिळतंय. खडीवर रोज पिळलं की तुझे सगळे सांधे उकलतील."

"आत पाइपांचा पिंजरा घालणारच आहोत की."

"पिंजरा तर दोन्हीला घालशील. मग मुळात कमी पिळते तीच घे ना."

काका "हं" म्हणाले. त्यांच्या तोंडून यापेक्षा मोठी शाबासकी आजवर कुणाला मिळाली नव्हती.

सोमवारी संध्याकाळी डॉक्टर आले. काकांनी जॅक लावला, टेप काढली, तिचं दुसरं टोक भाचीच्या हातात दिलं आणि सगळं साग्रसंगीत करून दाखवलं. पिळणं, भगदाड, सांधे, शब्दसुद्धा तिचेच. डॉक्टर थक्क झाले.

"काका, हे सुचलं कुणाला?"

"चाळीस वर्षं पत्रा ठोकतोय, डॉक्टर."

यात एक अक्षर खोटं नव्हतं, आणि तरी ते धडधडीत खोटं होतं. आयत्या बिळावरचा नागोबा निदान गप्प तरी बसतो, काकांनी वर फणा काढला. भाचीने टेपचं टोक सोडलं नाही. काकांनी ते सोडायला सांगेपर्यंत ती धरून उभी होती.

मग डॉक्टर तिच्याकडे वळले. "तू वळणं वाचतेस छान. पण शेजारी मला असं माणूस हवं, ज्याला गाडीच्या अंगात काय चाललंय ते कळतं. तू अजून शिक. यंदा मी मेव्हण्याला घेतो."

तोंड उघडायचं तर ते त्याच क्षणी. काका मात्र मूग गिळून पाना शोधू लागले. पाना त्यांच्या खिशातच होता.

त्यानंतर काकांचं खरं हसं झालं, फक्त ते कुणाला दिसलं नाही. दुसऱ्या गॅरेजचे लोक येऊन 'ठोकेकाकांची जॅक-परीक्षा' शिकून जाऊ लागले. कुणी शाबास म्हटलं की काकांना धरणीने पोटात घ्यावं असं वाटे. भाची पूर्वीसारखीच बोलायची, फक्त गॅरेजात येईनाशी झाली. घरात ती समोर आली की त्यांची मान आपोआप खाली जाई. साठीला टेकलेल्या माणसाला पोरीसमोर एवढी लाज वाटू शकते, हे त्यांना माहीत नव्हतं.

बाराव्या दिवशी ते दवाखान्यात गेले. सुजलेल्या गालांच्या रांगेत पाऊण तास बसले आणि आत गेल्यावर उभ्या उभ्याच बोलले. "डॉक्टर, ती परीक्षा माझी नाही. भाचीची आहे. मी आखूड गाडीच म्हणत होतो. मी तुमच्याशी खोटं बोललो."

डॉक्टरांनी हातमोजे काढले आणि काकांच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, भाचीला जागा मिळावी म्हणून स्वतःचं श्रेय सोडताय? तुमच्यासारखी माणसं आता राहिली नाहीत. पण मेव्हण्याच्या मापाची सीटसुद्धा बसवून झाली हो."

"अहो, देवाशपथ खरं सांगतोय."

"कळलं मला, काका," डॉक्टर हसत म्हणाले. त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

घरी येऊन काकांनी भाचीला झालं ते सगळं सांगितलं. वरातीमागून घोडं आणलंय, हेही सांगितलं. उद्या पुन्हा जातो म्हणाले, तुला घेऊन जातो, टेप घेऊन जातो.

"नको, मामा," ती शांतपणे म्हणाली. "आता तू जितकं खरं सांगशील, तितका तूच मोठा होशील."

काका दारातच उभे राहिले.

"हातपाय धू," ती म्हणाली. "दुपारपासून काही खाल्लेलं दिसत नाहीस. वाढते मी."

तिने चार शिव्या दिल्या असत्या, तर काकांना तो घास गिळता आला असता.