खोचरे सरांचे साचे आणि माझी आई

डॉ. मुकुंदराव खोचरे सरांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत आणि त्यांच्या कार्यावर लिहायला संपादकांनी मलाच सांगितलं, याचं मला अजून कोडं आहे. सरांचं काम नक्की काय, हे त्यांच्या हाताखाली राहूनही मला धड सांगता येत नाही.

पहिली भेट धाराशिवच्या एका दवाखान्यात झाली. रुग्णांची माहिती संगणकावर भरायला मी नवाच लागलो होतो. सर या नोंदींचे साचे, म्हणजे कुठल्या रकान्यात काय लिहायचं ते, ठरवत होते. एकदा केलेला साचा कुठल्याही आजाराला पुन्हा वापरता यावा, ही त्यांची धडपड. मी नोंदी आजारांप्रमाणे लावल्या, तापाशेजारी ताप आणि दम्याशेजारी दमा. सरांनी सगळं विस्कटलं. मोजलेलं एकीकडे, कुणी सांगितलेलं दुसरीकडे, डॉक्टरांनी ठरवलेलं तिसरीकडे. तामलवाडीच्या सुनेने सांगितलेली सासूची फिट आणि नळदुर्गच्या ट्रक ड्रायव्हरने सांगितलेली क्लीनरची ॲलर्जी त्यांनी एकाच साच्यात बसवली. मी चक्रावलो.

"अहो, दोन्ही ऐकीवच ना?" सर म्हणाले.

चिडणं त्यांना ठाऊकच नाही. मी रोज तोच प्रश्न विचारायचो आणि ते रोज चहा मागवून नव्याने समजावायचे. मला चहा तेवढा पक्का समजला.

मग ईट गावाहून माझ्या आईला आणलं. पायाची जखम चिघळून विष अंगात भिनत चाललं होतं. जे औषध हवं होतं, तेच तिला चालत नाही, अशी नोंद होती. दुसरं लागू पडेना. सरांनी मात्र त्या नोंदीचा पुढचा भाग वाचला: "सांगणारी: मुलगी", म्हणजे माझी बहीण; "खात्री: केलेली नाही". ते आईच्या खाटेशी जाऊन बसले.

"मावशी, त्या इंजेक्शननं तुम्हाला काय झालं होतं?"

"लई गरगरलं, डागतर. खालीच बसले म्या. नवरात्राचे उपास व्हते, पोटात कायबी न्हवतं."

"अंगावर पुरळ? धाप?"

"न्हाय, तसलं काय न्हाय."

सरांनी आधी चाचणी घेतली, मग शेजारी बसून औषध दिलं. आई स्वतःच्या पायांनी घरी गेली.

"आता कळलं ना, साचा वेगळा का ते?" सरांनी विचारलं. मी रडत रडत मान हलवली. खरं तर तेव्हाही डोक्यात गोंधळच होता.

हा लेख लिहितोय म्हटल्यावर आई म्हणाली, "डागतर शंभर वर्सं जगत्याल, लिही तसं."

सरांच्याच पद्धतीने लिहितो. सांगणारी: माझी आई. खात्री: केलेली नाही. ती करायला शंभराव्या वाढदिवसाला आपण सगळ्यांनी जमायचं आहे, आणि सरांनी ठणठणीत तब्येतीत हजर राहून मला साचे पुन्हा एकदा समजावायचे आहेत.